राख, शेण, ऊन आणि धूर

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या घरांत स्वयंपाकघर स्वच्छ ठेवण्याची जुनी रीत कोरडी होती. भांडी राखेने घासत, जमीन शेणाने सारवत, धान्य उन्हाने राखत आणि माळ्यावरचे सामान धुराने टिकवत. पाणीही लागे, पण ते शेवटी आणि हात राखून. ही रीत इथल्या जमिनीने आणि पावसाने घालून दिलेली होती. नळ, साबण आणि सिमेंट आल्यावर ती गेल्या पन्नास-साठ वर्षांत मोडत गेली. तिच्या जागी आलेल्या ओल्या स्वच्छतेने काही जुने आजार हटवले आणि काही नवे प्रश्न अंगणात आणून सोडले.

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. एकोणिसाव्या शतकात कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. १८९१ मध्ये ते कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले आणि खालापूर हा त्याचाच पेटा होता. कुलाब्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, माथेरानच्या माथ्यावर तर त्याहूनही कितीतरी जास्त. पण खाली काळा कातळ आहे आणि तो पाणी धरून ठेवत नाही. उल्हास, पेज आणि पाताळगंगा दुथडी भरून वाहतात, आणि फाल्गुन सरला की डोंगराकडच्या विहिरी तळ दाखवू लागतात. ठाकूर आणि कातकऱ्यांच्या वाड्या बहुतेक उतारावर किंवा माथ्याजवळ असल्याने तिथल्या बायकांना उन्हाळ्यात ओढ्याच्या पात्रात डवरा उकरून, वाटी-वाटीने पाणी भरून हंडा डोक्यावर घ्यावा लागे. असा हंडा भांडी विसळण्यात ओतून टाकणे कुणालाच परवडणारे नव्हते.

राखेला तोटा नव्हता. चूल दिवसरात्र राख देई, आणि ती भातशेतीच्या मुलखातली राख होती. भाताच्या तुसाच्या राखेत वाळूचाच घटक असलेली सिलिका ऐंशी-नव्वद टक्के भरते, म्हणून ती बारीक पॉलिश कागदासारखी घासते. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेलकटपणाशी मिसळून त्याचा साबणासारखा फेस करतो. घासायला पेंढ्याची चुंबळ किंवा नारळाची शेंडी असे. पेंढ्यातही सिलिका असल्याने चुंबळ स्वतःच निम्मे काम करी. घासलेले भांडे तांब्याभर पाण्यात विसळून उन्हात पालथे घालत. पितळ-तांब्याला सणावारी चिंच लावत. चिंचेतले आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवते आणि भांडे लखलखते. गौरी-गणपतीच्या आधी एक अख्खा दिवस या कामात जाई. नदीतल्या मळ्या-खवल्यांसारखे निसटणारे मासे साफ करतानाही बायका हाताला राख लावून घेत, म्हणजे पकड सुटत नसे. हे काम परसातल्या दगडावर होई. कच्च्या माशाचे पाणी रांधायच्या जागी येऊ न देण्याचा हा नियम कुठल्या पुस्तकातून आला नव्हता, तरी आजच्या कसोटीलाही तो उतरतो.

जमिनीचे काम शेणाचे. मातीची जमीन रोज पायांनी उकरली जाते, तिला भेगा पडतात आणि भेगांत मुंग्या, पिसवा व सांडलेले अन्न साठते. शेणाचा पातळ थर त्या भेगा बुजवून धूळ बसवतो. पहाटे आधी चुलीतली राख काढून कोपऱ्यातल्या डब्यात टाकत. मग चूल आणि तिच्या पाठीमागची भिंत ओल्या पोतेऱ्याने पुसत, वैलावर सांडलेल्या दुधा-कालवणाचे डाग शेणाने झाकत आणि मग विस्तव पेटवत. जेवणे उठली की उष्टे काढून त्या जागेवर शेणाचा बोळा फिरवत. पूर्ण सारवण आठवड्याला किंवा सणाला होई. ते दाराकडून आत न जाता आतून दाराकडे येत, हाताच्या कमानी एकीला एक जोडत करत. चुकीच्या बाजूने सुरू केले तर आपलेच पाय ओल्या जमिनीत उमटत. चूलही घरची बाईच घाली. वारुळाची माती तिला सगळ्यात पसंत, कारण ती बारीक आणि चिकट असते. तिच्यात तूस आणि शेण कालवले की तापून तडे जात नाहीत.

सारवणाचे गुणगान आजकाल बरेच होते, म्हणून त्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. शेणाची जमीन पुसता येते, धुता येत नाही. रांगत्या मुलाने खाली पडलेला घास उचलला तर त्याच्यासोबत शेणातले जंतूही पोटात जातात. शिवाय शेण फुकट नव्हते. उत्तर कोकणातल्या भातशेतीत रोपाच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांचे टहाळ पसरून जाळण्याची राबाची पद्धत आहे. त्यामुळे शेण राबाला द्यायचे, गोवऱ्यांना थापायचे की जमिनीला लावायचे हा हिशेब प्रत्येक घरात चाले. राबासाठी जंगलातून टहाळ तोडण्यावर सरकारने बंधने घातली तेव्हा ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जंगल बंद झाले म्हणजे नुसते शेत अडत नसे, सरपण आणि शेणही अडे. आणि ज्याच्याकडे गुरेच नाहीत त्या कातकऱ्याच्या खोपटाला तर सारवणही दुसऱ्याच्या गोठ्यावर अवलंबून होते.

धुराचे काम पावसाळ्यात दिसे. ज्येष्ठात घर शाकारून झाले की आगोट भरायची, म्हणजे चार महिन्यांची बेगमी करायची: मीठ, मिरची, कडधान्य, सुकट, बोंबील. सरपण चुलीवरच्या माळ्यावर रचत, बियाण्याची कणसे आणि सुकी मासळी तिथेच टांगत. खालून सतत जाणारा धूर ओल खेची आणि त्यातले तिखट वायू किडीला व बुरशीला दूर ठेवत. भाताची कणगी कारवीची किंवा बांबूची. तिला आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून तोंडही लिंपून टाकत, म्हणजे उंदराला आणि हवेला दोघांनाही वाट राहत नसे. कडधान्यात राख मिसळत किंवा निंबाचा पाला घालत, डाळीला एरंडेल चोळत. दूध-दही शिंक्यावर लटके, मांजराच्या उडीच्या पलीकडे. मुंग्या लागू नयेत म्हणून गुळाचे मडके पाण्याच्या ताटलीत ठेवत. हे सगळे करूनही श्रावण-भाद्रपदात बुरशी जिंकायची. ऊन नसले की कोरडी पद्धत लंगडी पडते, आणि इथे तीन-तीन आठवडे ऊन पडत नाही.

याच धुराने घरातल्या बाईचे डोळे आणि छाती खाल्ली. कारवीच्या कुडाच्या घराला खिडकी नसे. असली तरी पावसाच्या झडीत ती बंदच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. इथे एक विसंगतीही आहे. कर्जत-खालापूरच्या रानात कातकरी पूर्वी खैराचा कात काढत. जंगल कायद्यांनी ते मागे पडल्यावर हीच माणसे कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरी करू लागली. शेगडीवर जवळजवळ बिनधुराचा जळणारा कोळसा मुंबईकडे गेला आणि भट्टी लावणाऱ्याच्या घरात ओली काटकीच धुमसत राहिली.

भांड्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे गावाबाहेरचा माणूस येई. मातीची मडकी स्वस्त, पण चिकट होत आणि वर्षा-दोन वर्षांत टाकून द्यावी लागत. ज्यांना जमे ते पितळ-तांबे घेत. या धातूंत आंबट पदार्थ ठेवला की कळकतो, तोंड कडू होते, उलट्या होतात. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला मोकळ्या जागेवर खड्डा करून भाता लावी, भांडे तापवून त्यात नवसागर भुरभुरवी, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील एका झटक्यात आतून फिरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून साध्या कोळशावरही ते जमते. काळे पडलेले पातेले क्षणात आरशासारखे होई, आणि पोरे ते पाहायला गोळा होत. थर काही महिन्यांत झिजे आणि कल्हईवाल्याची पुढची फेरी लांबली तर आमसुलाची आमटी मातीच्या मडक्यात होई. पिण्याचे पाणी मात्र बिनकल्हईच्या तांब्यात ठेवणे चांगलेच होते. तांब्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यातले बरेचसे जंतू मरतात हे प्रयोगशाळेने पुढे दाखवले.

यानंतर आली जर्मनची भांडी, म्हणजे ॲल्युमिनियमची. ती हलकी आणि स्वस्त होती, पण राखेने घासली की काळी पडत. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील आले आणि कल्हईवाल्याचा धंदा बसला. बोहारणी जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे देत दारोदार फिरू लागल्या. मोडीत गेलेल्या पितळेचे हंडे-घागरी आता शहरातल्या दिवाणखान्यांत कुंड्या होऊन बसलेल्या दिसतात.

सोवळ्या-ओवळ्याचा इथे वेगळा विचार हवा, कारण त्याला स्वच्छतेचे शास्त्र म्हणून पुढे करण्याची सवय आहे. पांढरपेशा घरांत स्वयंपाकाला धुतलेले वस्त्र, हात न लावू देणे, खरकट्याचा विटाळ, शिळे न खाणे असे नियम होते. त्यांतले काही खरोखर उपयोगी होते. खरकटा हात पाण्याच्या हंड्यात न घालणे हा त्यांपैकी सगळ्यात मोलाचा. पण त्याच नियमांची दुसरी टोके माणसांना उंबऱ्याबाहेर आणि पाणवठ्याबाहेर ठेवत होती. पाळीच्या चार दिवसांत बाईला चुलीपासून दूर बसवत. एकत्र कुटुंबात त्यातून विश्रांती मिळे, विभक्त घरात हाल होत. अस्पृश्य मानलेल्यांना गावविहिरीवर मज्जाव होता, त्यांचा पाणवठा वेगळा आणि बहुधा वाईट. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. तो कागदावरच राहिल्याने २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. सत्याग्रहींनी तळ्यातून ओंजळभर पाणी घेतल्यावर सनातन्यांनी ते तळे पंचगव्य ओतून 'शुद्ध' केले. शेणाचे दोन उपयोग, जमिनीवरचा आणि तळ्यातला, एकाच शब्दाखाली मोडतात, पण त्यांचा हेतू एक नाही.

रोगराईच्या साथींमुळे सरकारची नजर पहिल्यांदा घराच्या आत गेली. मुंबई-पुणे रेल्वेची एक शाखा १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचली होती आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यावर कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे मोठे स्थानक झाले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला आणि लोक गावाकडे पळू लागले तेव्हा याच वाटेने गेले. उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालायच्या हे गावांना अनुभवाने समजले. प्लेगशी उंदीर आणि पिसवेचा संबंध सिमाँ या संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत दाखवला, तोवर कणगी लिंपून ठेवण्याची जुनी सवय नकळत योग्य बाजूला होती. पटकी मात्र पाण्यातून येते. तिच्यावर 'पाणी उकळून प्या' हा सल्ला सगळ्यांनी दिला, पण डोक्यावर सरपणाची मोळी वाहणाऱ्या बाईला तो फारच महाग होता. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे चौपदरी फडक्याने गाळणे, पिण्याचा हंडा तिवईवर झाकून ठेवणे आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढणे. शेवटचे दोन नंतर अंगणवाडी सेविकांनी आणि आरोग्य केंद्रांनी घरोघर सांगितले, सोबत पाणी शुद्ध करणाऱ्या मेडिक्लोरच्या बाटल्या वाटल्या आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली.

स्वातंत्र्यानंतरचा सरकारी हस्तक्षेप म्हणजे डीडीटी. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. भांडी-धान्य अंगणात काढायला लावून भिंतींवर औषध मारत. डास भिंतीवर बसला की मरावा, म्हणजे औषध महिनोन्‌महिने उघडे राहावे ही त्यामागची अट. पण फवारणीचा पांढरा डाग दिसला की घरची बाई दुसऱ्याच दिवशी त्यावर सारवून टाकी, आणि औषध शेणाखाली गाडले जाई. तिच्या दृष्टीने ती घाण पुसत होती, खात्याच्या दृष्टीने ती मोहीम बुडवत होती. ही अडचण देशभर होती. पुढे डीडीटी बनवणाऱ्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा एक कारखाना पाताळगंगेच्या काठी रसायनीतच उभा राहिला.

पाण्याचा इतिहास तर आणखी उफराटा. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला आणि १९२२ मध्ये भिवपुरीला जलविद्युत केंद्रे सुरू केली. घाटावरचे पाणी वीज देऊन खाली उतरले आणि पाताळगंगा व पेज-उल्हास बारमाही झाल्या. भिवपुरीच्या पाण्यावर कर्जतच्या खाचरांत उन्हाळी भात पिकू लागले आणि तेच पाणी पुढे बदलापूर-कल्याणच्या नळांना गेले. खालापुरातल्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबई महानगरपालिका पिते. या सगळ्या पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगावर राहणाऱ्या वाड्या मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत राहिल्या. नदी उताराने वाहते, हंडा चढावर न्यावा लागतो. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात कातळ फोडून विंधन विहिरी घेण्याची लाट आली. त्यावर बसवलेल्या मजबूत हातपंपांची वंशावळ सोलापूरला जाते, तिथल्या पंपावरून पुढे इंडिया मार्क टू हा हातपंप घडला. हातपंपाचा मोठा गुण म्हणजे त्यात कुणाला खरकटा हात घालता येत नाही. नळ आला तो बऱ्याच ठिकाणी त्यानंतर, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने तो घराच्या दारात आणायचे ठरवले.

इंधनाचेही तसेच. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ मध्ये धुराड्याची मगन चूल बनली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. अशा चुलींचे धुराडे काजळीने चोंदले की बायका ती फोडून पुन्हा साधी चूल घालत, कारण साध्या चुलीत जाड ओंडका सरकवता येतो आणि तांदळाची भाकरी निखाऱ्यावर फुलवता येते. गॅस मुंबईत १९५५ पासून मिळू लागला, कर्जत-खोपोलीच्या नोकरदार घरांत तो पुढच्या काही दशकांत आला, वाड्यांवर मुख्यतः २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर. टाकी पुन्हा भरायला पैसे नसले की मागच्या पडवीतली चूल पेटतेच. अंघोळीचे पाणी तर बहुतेक घरांत अजून तिच्यावरच तापते.

ओली स्वच्छता आली ती ओट्याबरोबर. कोबा आणि शहाबादी फरशी, मग कडप्प्याचा ओटा, मग सिंक. बसून रांधणारी बाई उभी राहिली आणि विळी कोपऱ्यात गेली. उभ्याने काम करताना अन्न जमिनीपासून तीन फूट वर आले, हा बदल कुठल्याही साबणापेक्षा मोठा मानायला हवा. विम पावडर, वडी, तारेची घासणी आणि नायलॉनची जाळी यांनी राखेची जागा घेतली. पितळेसाठी ठाण्यात जन्मलेली पितांबरी आली. गॅसमुळे घरात राख उरली नाही, आणि उरली तिथेही ती सिंकच्या नळीत बसते म्हणून नको झाली. घासणी मात्र नीट सुकवायला हवी हे नव्या पद्धतीत कुणी सांगितलेच नाही. पेंढ्याची चुंबळ वापरून फेकून देत. नायलॉनची जाळी ओलसर ओट्यावर महिनाभर पडून राहते आणि पावसाळ्यात तिच्यात जंतू वाढतात. जुन्या पद्धतीत फडके उन्हात पडे, नव्या घरात ते नळाला गुंडाळलेले असते.

उरतो सांडपाण्याचा प्रश्न. राख-शेणाच्या घरात मोरीतून दिवसाला चार-दोन घागरी पाणी जाई. ते परसातल्या अळवाला आणि केळीला पुरत नसे. नळ आणि साबण आल्यावर पाणी कित्येक पटींनी वाढले, त्यात फेस आणि तेल आले, आणि अळूचा वाफा डबके झाला. २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात शोषखड्ड्यांवर भर दिला गेला. दगड-विटांचे तुकडे भरलेला खड्डा सांडपाणी जमिनीत जिरवतो. कर्जत-खालापूरच्या भातखाचरांच्या कडेला हे आठ महिने चालते. पावसाळ्यात भूजल वर आले की खड्डा खालूनच भरतो आणि मोरीचे पाणी गटारातून ओढ्याला, ओढ्यातून उल्हास किंवा पाताळगंगेला मिळते. कर्जत-नेरळच्या रेल्वेकाठच्या इमारती आणि आडवाटेची फार्महाऊसे यांनी या पाण्यात दरवर्षी भर घातली आहे. खालच्या अंगाला नदीतून पिण्याचे पाणी उचलणाऱ्या योजनांना ते शुद्ध करून घ्यावे लागते.